कोणत्या नळाचं पाणी?

पाण्याचा नमुना कसा आणावा, हे आमच्या प्रयोगशाळेच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. अर्धा लिटरची स्वच्छ प्लास्टिकची बाटली, त्याच पाण्यानं तीनदा विसळलेली, काठोकाठ भरलेली. ही पाटी वाचून आणि तसं वागून आत आलेली माणसं माझ्या उभ्या नोकरीत दोन-चारच भेटली असतील. बाकीच्यांनी पाणी आणलं ते खोबरेल तेलाच्या बाटलीतून, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीतून. एका काकांनी तर दारूच्या पव्व्यातून आणलं आणि वर हमी दिली, "वास येईन थोडा, पण पाणी विहिरीचंच हाय, मॅडम." कौंडण्यपूरकडच्या एका आजीनं तांब्याच्या गडूला हळदीकुंकू लावून, वर फडकं बांधून पाणी आणलं होतं. मी हात पुढे केला तर म्हणाली, "आंधी पाया पड." मी पडले. कुंकू पाण्यात उतरलं होतं, त्यामुळे त्या नमुन्याचा उपयोग नव्हता. पण ते आजीला सांगायची माझी छाती झाली नाही. नंतर तिच्या मुलाला फोन करून दुसरी बाटली मागवली.

एकानं पाणी चक्क उकळून आणलं. का, तर "तुमाले जंतू नको लागाले." त्याच्या काळजीनं मला भरून आलं, पण उकळलं की पाण्यातला निम्मा चुना भांड्याच्या बुडाशी बसतो आणि मी तपासायचं तेच घरी राहतं.

मी माती-पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत होते. सुरुवात अमरावतीला, शेवट अकोल्याला. लोकांना वाटायचं, पाणी पिण्याजोगं आहे का ते मी सांगते. ते काम दुसऱ्यांचं. माझ्याकडे यायचं ते झाडांनी प्यायचं पाणी, आणि झाड हे माणसापेक्षा फार निराळं गिऱ्हाईक आहे. जंतूंचं त्याला काही वाटत नाही. गढूळ पाणी ते आनंदानं पितं. त्याची सगळी तक्रार असते ती पाण्यात विरघळलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींबद्दल.

पाणी जमिनीतून, दगडांतून येताना चुना, मॅग्नेशियम, सोडियम असं काय काय बरोबर घेऊन येतं. बादलीत ते दिसत नाही. नळाच्या तोटीवर, गिझरच्या आत पांढरा थर बसतो तेव्हा दिसतं. त्या थरामुळे घरोघरी चुना बदनाम झालाय. झाडाला मात्र चुना हवा असतो. त्याला नको असतो तो फाजील सोडियम. आमच्याकडे पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा आहे, तिथलं दुखणं हेच. माती काळीभोर, दिसायला देखणी, पण सोडियमनं तिचे कण एकमेकांपासून सुटलेले. पाणी दिलं की चिखल, वाळली की दगड, आणि मुळांना श्वास घ्यायला जागा नाही. एवढं ध्यानात आलं, तर माझी निम्मी नोकरी तुम्हाला समजली.

हल्ली पेनासारखा मीटर कुणाच्याही खिशात असतो. पाण्यात बुडवला की आकडा येतो. तो आकडा पाण्यात एकूण किती विरघळलंय हे सांगतो. काय विरघळलंय हे सांगत नाही. लग्नात जेवायला किती पानं उठली हे कळलं, तरी जेवणारे कोण होते हे कळत नाही, तसंच.

हे मला पुस्तकांनी शिकवलं होतं, पण पटवलं शब्बीरभाईंनी. अकोल्यात त्यांची गुलाबांची नर्सरी होती. गुलाबपाण्याच्या निळ्या बाटलीतून त्यांनी नव्या बोअरचं पाणी आणलं. मी मीटर बुडवला आणि म्हटलं, "आकडा काही फार नाही, चांगलं दिसतंय." त्यांनी तळहातावर चार थेंब घेतले, जिभेला लावले आणि डोळे बारीक केले. "मीठं हाय, एकदम गोड, पण यात धोका हाय, मॅडम. खारं पाणी दुश्मन हाय, सामनेसे येते. हे दोस्त बनून येऊन राहिलं." मी मनात हसले. पुढची सगळी तपासणी केली तर पाण्यात सोडियम भरपूर, चुना जेमतेम. शब्बीरभाई अहवाल हातात घेऊन म्हणाले, "तुमचा मीटर गिनती करते. पहचान जबान करते."

त्या दिवसानंतर मी नुसत्या आकड्यावर कधीच विसंबले नाही, असं इथं लिहायला मला फार आवडलं असतं.

मला माझं काम उत्तम येत होतं. यात खोटा विनय कशाला? दूरदूरचे बागायतदार माझी सही असलेला अहवालच मागायचे. माझी जीभही कामाइतकीच तेज होती आणि तिचा मला जरा अभिमानच होता. अमरावतीच्या एक डॉक्टरीणबाई कुंड्यांतल्या झाडांना रोज फिल्टरचं शुद्ध पाणी घालत आणि पानं पिवळी का पडतात म्हणून विचारत. मी म्हटलं, "बाई, त्या पाण्यात काही शिल्लकच ठेवलेलं नाही. पेशंटला नुसत्या सलाइनवर किती दिवस ठेवता तुम्ही?" बाई हसल्या, झाडांना नळाचं पाणी घालू लागल्या आणि दर दिवाळीला मला शेवंती पाठवू लागल्या. असं दोन-चारदा झालं की माणसाला वाटतं, आपण बोलतो ते बरोबरच.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मात्र ऑफिसातले लोक मला पाठीमागे 'कोणत्या-नळाचं-मॅडम' म्हणायचे. कारण बाटली हातात घ्यायच्या आधी मी प्रत्येकाला तो एकच प्रश्न विचारायची. कोणत्या नळाचं पाणी? झाडाला हेच घालता का? नक्की हेच? लोक वैतागायचे. त्या प्रश्नामागे जठारपेठेतलं एक घर आहे.

वानखडेकाका निवृत्त हेडक्लार्क. शर्टाच्या खिशाला दोन पेनं, बोलणं मोजून. ते त्या दोन-चार माणसांपैकी एक, ज्यांनी दारावरची पाटी वाचली होती. बाटली कोरी, स्वच्छ, काठोकाठ भरलेली, झाकणावर कागदाची पट्टी. मला इतका आनंद झाला की काय सांगू. त्यांच्या बायकोनं गच्चीवर वर्षानुवर्षं बाग केलेली. मोगरा, गुलाब, कढीपत्ता, अर्ध्या ड्रममध्ये फळणारं कागदी लिंबू. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना जिना चढवेना. तोवर मुलाचं लग्न झालं होतं आणि पाणी घालायचं काम सुनेकडे गेलं. वर्षाच्या आत निम्मी बाग वाळली. तुळस दोनदा लावली, दोन्हीदा गेली.

फॉर्मवर 'नमुन्याचे ठिकाण' असा रकाना असतो. काकांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'घरचे पाणी, जठारपेठ'. एरवी मी असं उत्तर परत पाठवलं असतं. पण इतकी देखणी बाटली आणणाऱ्या माणसाला काय विचारायचं, म्हणून पुढे गेले.

पाणी छान निघालं. चुना व्यवस्थित, सोडियम आटोक्यात. मी लिहिलं, 'झाडांसाठी योग्य. पाण्यात दोष नाही.' काका अहवाल न्यायला आले, चष्मा लावून वाचला आणि म्हणाले, "म्हंजे दोष पाण्यात नाही. मग कशात आहे?"

"पाण्यात नाही म्हणजे पाणी घालणाऱ्यात असेल, काका," मी म्हटलं.

मागे रांगेत उभे असलेले दोघं हसले. मला म्हणायचं होतं की पाणी जास्त होत असेल, वेळ चुकत असेल. पण तेवढं लांबण लावण्यापेक्षा हे वाक्य ठसकेबाज होतं. काका हसले नाहीत. त्यांनी अहवालाची चार घड्यांची पुडी केली, खिशात ठेवली आणि गेले.

पाचेक महिन्यांनी दुपारी एक मुलगी आली. पंचविशीची, साधा ड्रेस, हातात कापडी पिशवी. पिशवीतून तिनं दोन बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. मसाल्याच्या डब्यांवर लावतात तसले स्टिकर त्यांवर होते. एकावर 'स्वयंपाकघर', दुसऱ्यावर 'गच्ची'.

"मी वानखडेंची सून, अश्विनी," ती म्हणाली. "मॅडम, पानी घालनाऱ्यात दोष हाय, असं तुमीच म्हनलं होतं का?"

मला आठवायला एक क्षण लागला. आठवलं तेव्हा मी हसून विषय टाळायला बघितलं. "अगं, ते आपलं बोलण्याच्या ओघात..."

"घरी तसं नाई सांगितलं कोनी. घरी सांगितलं का प्रयोगशाळेनं लिहून देल्लं." रडायचं नाही असं ती ठरवून आली असावी, कारण ती फार सरळ उभी होती. "माह्या हाताले गुण नाई म्हनतात. आंधी झाडं मेली. मंग दही लागलं नाई तं माह्यावर. लोनच्याच्या बरनीले हात लावू देत नाईत. आता ननंद बाळंतपनाले आली, बाळ झालं. तोंडानं कोनी काई म्हनत नाई, मॅडम. पण मी हात पुढं केला का कोनी तरी बाळ उचलून घेते. मैना झाला, मी त्याले एकदा बी घेतलं नाई."

मी खुर्चीवर बसलेली, ती उभी. तिला बस म्हणायचंही मला सुचलं नाही. एवढी वर्षं मी अहवाल लिहिले, पण माझा अहवाल एखाद्या पोरीवर असा लागू केला जाईल, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. मला काही तरी बोलायला हवं होतं म्हणून विचारलं, "कुठली तू?"

"नांदगाव खंडेश्वरची. आमच्या वावरात मी लावलेली वांगी सारं गाव नेत होतं," ती म्हणाली. त्यात फुशारकी नव्हती, साक्ष होती. मीही त्याच तालुक्यातली, पण ते सांगायची ही वेळ नव्हती.

मी मीटर घेतला. स्वयंपाकघराच्या बाटलीत बुडवला, आकडा पाहिला. गच्चीच्या बाटलीत बुडवला. आकडा जवळजवळ तोच. "एकच टाकी आहे ना घराला?" ती हो म्हणाली. "मग दोन्ही सारखंच आहे गं," मी म्हटलं.

तिनं मान हलवली आणि बाटल्या पिशवीत ठेवायला घेतल्या. मग थांबली. "सारखं कसं म्हनता, मॅडम? गच्चीवरच्या नळाले हात धुतले का साबन निघतच नाई. किती बी पानी घ्या, हात बुळबुळीत राह्यतात. स्वयंपाकघरात तसं होत नाई."

शब्बीरभाईंची जीभ मला तेव्हा आठवली. मी उठले, तिला माझी खुर्ची दिली आणि दोन काचेचे चंबू धुऊन घेतले.

पाण्यातला चुना ओळखायची एक सोपी तपासणी आहे. पाण्यात औषधाचे दोन थेंब टाकायचे. चुना किंवा मॅग्नेशियम असेल तर पाणी अंबाडीच्या सरबतासारखं लाल होतं. मग दुसरं द्रावण थेंबथेंब सोडत जायचं, चुना सगळा बांधला गेला की लाल रंग जाऊन निळा येतो, आणि किती थेंब लागले त्यावरून चुना किती ते कळतं. स्वयंपाकघराचं पाणी लालबुंद झालं. गच्चीच्या पाण्यात मी दोन थेंब टाकले आणि ते तिथल्या तिथे निळं झालं, कपड्यांना घालतात त्या निळीसारखं.

"हे कावून निळं झालं?"

"यात चुना नाहीच म्हणून. घरात पाणी मऊ करायचं यंत्र बसवलंय का?"

ती विचारात पडली. "जिन्याखाली एक उंच नळकांडं हाय. बाबा त्यात मीठ टाकतात."

"कधी बसवलं?"

"आमच्या लग्नात. आमच्यासाठी नवीन बाथरूम केलं ना. नवे नळ पांढरे नको पडाले म्हून."

मला पुढचं सगळं दिसलं. टाकी एक, पण खाली येणारे पाइप दोन. एक सरळ स्वयंपाकघरात. दुसरा त्या यंत्रातून बाथरूमला आणि परत वर गच्चीच्या नळाला. ते यंत्र पाण्यातला चुना काढून घेतं आणि त्याच्या जागी सोडियम सोडतं; म्हणून तर त्याला मीठ लागतं. चुना गेला, सोडियम आला, एकूण आकडा तेवढाच. मीटरला काय कळणार? साबण फेसतो, नळ चकाकतात, माणसं खूश. आणि वर कुंड्यांमधली माती रोज थोडी थोडी मरते. सुनेच्या स्वागतासाठी आणलेलं यंत्र आणि सून एकाच आठवड्यात त्या घरात आली होती. झाडं मेली तेव्हा यंत्राकडे कुणी बघितलं नाही.

मी ती तपासणी पुन्हा तिच्या हातून करून घेतली. तिचा हात जराही हलला नाही. एक चंबू लाल, एक निळा. ती बराच वेळ दोन्हींकडे बघत राहिली.

"थांब, मी नवीन अहवाल लिहून देते," मी म्हटलं. "शेऱ्यात स्पष्ट लिहिते."

"कागद नका देऊ," ती म्हणाली. "कागदानंच तं झालं हे. तुमी घरी या. तोंडानं बोलल्या ते तोंडानंच वापस घ्या."

मला आधी राग आला, खोटं कशाला सांगू. उभ्या नोकरीत मी कुणाच्या घरी गेले नव्हते. लोक माझ्याकडे यायचे. मग कळलं की तो राग नव्हता, लाज होती. रविवारी येते म्हणाले.

रविवारी औषधाच्या बाटल्या, चंबू सगळं पिशवीत घालून जठारपेठेत गेले. आधी गच्चीवर. वाळलेल्या लिंबाच्या ड्रममधली माती खुरप्यानं निघेना. अश्विनीनं हातानं एक ढेकूळ फोडून पावसाच्या साठवलेल्या पाण्यात टाकलं तर ते पाणी दुधासारखं गढूळ झालं आणि खाली बसायचं नाव घेईना. मी काकांना म्हटलं, "खारपाणपट्टा बघायला आता गावाबाहेर जायची गरज नाही. तुमच्या गच्चीवर तयार झालाय."

मग खाली बैठकीत, सगळ्यांसमोर लाल-निळं करून दाखवलं. काकांनी कपाटातून माझा जुना अहवाल काढून आणला. चार घड्या उलगडल्या. "तुम्हीच लिहिलंय, मॅडम. पाण्यात दोष नाही."

"काका, तुम्ही बाटली कोणत्या नळावर भरली होती?"

"स्वयंपाकघरात," ते म्हणाले, जरा दुखावूनच. "प्रयोगशाळेत न्यायचं म्हटल्यावर का गच्चीवरचं नेऊ?"

आमची सगळी माणसं त्या एका वाक्यात आहेत. परक्यानं बघायचं म्हटलं की आपण चांगलं तेच पुढे करतो. मुलगी दाखवताना साडी नेसवतात तसं पाणीही निवडून आणतो. त्यात फसवाफसवी नसते, घराची अब्रू असते. हे मला ठाऊक होतं. वर्षानुवर्षं बघत आले होते. म्हणून चूक काकांची नव्हतीच.

"काका, चूक माझी आहे," मी म्हटलं. एवढं बोलायला मला किती जड गेलं ते मलाच माहीत. "कोणत्या नळाचं हे मी विचारायला हवं होतं. आणि पाणी घालणाऱ्याबद्दल जे बोलले ते बोलायचा मला काडीचा अधिकार नव्हता. तुमच्या सुनेच्या हाताला काही झालेलं नाही. मी मीटर घेऊन बसले होते तरी मला कळलं नाही. दोन पाण्यांमधला फरक तिच्या हातालाच कळला."

  काका अहवालाच्या घड्या पुन्हा घालू लागले, मग मध्येच थांबले. अश्विनी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. नणंद खाली बघत होती. वानखडेबाई दिवाणावर पाय लांब करून बसल्या होत्या, मांडीवर बाळ. त्या निळ्या चंबूकडे बघत होत्या. आपली गुडघेदुखी, आपली बाग, आपली सून, सगळं त्या मनात पुन्हा मांडून बघत असाव्यात. मग त्यांनी नवऱ्याकडे मान वळवली.

"मीठ कोन टाकते त्या नळकांड्यात?"

"मी," काका म्हणाले.

"म्हंजे एवढे दिवस माह्या लिंबाले मीठ तुमी चारून राहिले होते."

 मी घाईघाईनं उपाय सांगायला लागले. गच्चीच्या नळाला यंत्राच्या आधीच वेगळा पाइप काढा, जिवंत कुंड्यांत चुना असलेलं जिप्सम घाला, साध्या पाण्यानं माती दोन-तीनदा धुऊन काढा, लिंबू मात्र गेलं ते गेलं. कुणी ऐकत होतं असं वाटत नाही. बाई हातानं आधार घेत दिवाणावरून उठल्या. नणंदेनं बाळ घ्यायला हात पुढे केले, पण त्यांनी ते तिला दिलं नाही. त्या दोन पावलं दाराकडे गेल्या.

"अश्विनी, हे धर याले," त्या म्हणाल्या. "मी मॅडमसाठी चहा मांडतो."

अश्विनी जागची हलली नाही. आधी तिनं स्वतःच्या हातांकडे बघितलं, गच्चीवरची माती अजून बोटांना होती. "थांबा आई, हात धुऊन येते," म्हणाली आणि आत पळाली. पाण्याचा आवाज आला, बराच वेळ येत राहिला. मग ती ओढणीला हात पुसत बाहेर आली आणि तिनं बाळ घेतलं.

हात कोणत्या नळाला धुतले, ते मी विचारलं नाही.